सिस्टरचे हात: पावणेदोनशे वर्षांची एक गोष्ट

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी ऑडिओ आहेच. पण लोकलमध्ये उभे आहात, इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हा लिखित एपिसोड. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे हात धुणे. थांबा, लगेच बंद करू नका! कोविडच्या काळात कॉलर ट्यूनने आपल्या सगळ्यांचं डोकं उठवलं होतं, मला माहितीये. आज कोरोना नाही. आजची गोष्ट हॉस्पिटलमधल्या हातांची आहे, आणि खरं सांगायचं तर त्या हातांच्या कातडीची. आणि हो, नेहमीचं सांगून टाकतो: मी डॉक्टर नाही. बीटेक कॉम्प्युटर, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस. त्यामुळे इतिहास वाचतानाही मला बग कुठे होता हेच आधी दिसतं.

आधी माझी चूक

माझे आजोबा ८१ वर्षांचे. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. आठव्या दिवशी टाक्यांतून पू यायला लागला, ताप चढला. जखमेतला स्राव तपासायला पाठवला आणि तीन दिवसांनी रिपोर्ट हातात आला.

तो कागद मी लॉग फाइल वाचावी तसा वाचला. वर जंतूचं नाव, क्लेब्सिएला. खाली अँटिबायोटिक्सची यादी आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. 'एस' म्हणजे हे औषध चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही. आर, आर, आर, आर. पानाच्या तळाशी एक एस, कोलिस्टिनसमोर. डॉक्टर म्हणाले, "हे जुनं औषध आहे, किडनीला त्रास देऊ शकतं. पण सध्या हेच आहे."

त्या रात्री मी आजोबांच्या कॉटजवळ बसलो होतो. ड्युटीवरची सिस्टर शेजारच्या पेशंटची लघवीची पिशवी रिकामी करून, ग्लव्ज बदलून, थेट आजोबांच्या सलाइनकडे आली. कॉटच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली लटकत होती. तिला हातही लावला नाही. तीन दिवसांचा राग होता माझ्यात. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "सिस्टर, हात साफ केले का तुम्ही?"

त्या काहीच बोलल्या नाहीत. ग्लव्ज काढले आणि हात माझ्यासमोर धरले. बोटांच्या पेरांवर लाल चिरा, दोन ठिकाणी रक्त सुकलेलं, मनगटापर्यंत कातडी पांढरट, खवल्यांसारखी.

"दादा, एका ड्युटीत किती वेळा धुवायचे? स्पिरिट लागलं की नुसती आग होते, डोळ्यांत पाणी येतं. म्हणून साबणानेच धुते, आणि बेसिन तिकडे, पार टोकाला."

मग त्या बेसिनकडे गेल्या, हात धुऊन आल्या आणि सलाइन बदललं. आणि मी तिथे बसून राहिलो, स्वतःचीच लाज वाटत. सिस्टरनी हात साफ करायलाच हवे होते, यात वाद नाही. आजोबांच्या जखमेत तो जंतू कुठून आला हे मला आजही माहीत नाही, आणि त्याचा दोष मी त्यांच्यावर टाकणार नाही. पण "हात धुवा" असं सांगणाऱ्या कुणी त्या हातांकडे कधी बघितलं होतं का? हा प्रश्न डोक्यात राहिला आणि मी वाचत सुटलो.

व्हिएन्ना, १८४७: ब्लीचिंग पावडरचं घमेलं

ही गोष्ट तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये अर्धी ऐकली असेल. इग्नाझ सेमेलवाइस, हंगेरीत जन्मलेला तरुण डॉक्टर, व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक हॉस्पिटलमध्ये प्रसूती विभागात काम करायचा. तिथे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात बाळंतिणींचं मृत्यूचं प्रमाण ११.४ टक्के होतं आणि दुसऱ्यात २.८. शहरातल्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. पहिल्या विभागात नाव लागलं की त्या हातापाया पडायच्या, की आम्हाला तिकडे नका पाठवू.

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइसचा मित्र प्राध्यापक कोलेट्श्का वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शरीरात जे बदल दिसले ते बाळंतिणींच्या शरीरातल्या बदलांसारखेच होते. सेमेलवाइसला दुवा सापडला: विद्यार्थी सकाळी मुडदे चिरतात आणि त्याच हातांनी बायकांना तपासतात. जंतू हा शब्दही तेव्हा या अर्थाने कुणाला माहीत नव्हता. त्याला फक्त एवढं दिसलं, की साबणाने धुतल्यावरही हाताला प्रेताचा वास राहतो. मग वास घालवणारी वस्तू शोधली: क्लोरीनचं पाणी, आणि नंतर स्वस्त पडतं म्हणून क्लोरिनेटेड लाइम.

क्लोरिनेटेड लाइम म्हणजे काय, सांगू? आपली ब्लीचिंग पावडर. गावाकडे ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकते ना, त्याच जातीची.

मे १८४७ च्या मध्यात हे धुणं सुरू झालं. त्याआधी एप्रिलमध्ये पहिल्या विभागात १८.३ टक्के बाळंतिणी मेल्या होत्या. जूनमध्ये हा आकडा २.२ वर आला, जुलैमध्ये १.२. कुठलंही औषध नाही, फक्त हात.

रील इथे संपते. पुढे "डॉक्टरांच्या अहंकाराने त्याला वेडं ठरवलं" असं म्हणतात आणि दुःखी संगीत वाजतं. अहंकार होताच. वरिष्ठांशी त्याचं पटलं नाही, १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही, १८६१ पर्यंत त्याने स्वतःचं पुस्तकही काढलं नाही, आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. पण मला अडकवलं ते मधल्या एका प्रसंगाने.

ऑक्टोबर १८४७. आधी नियम असा होता की विभागात शिरताना क्लोरीनने हात धुवायचे, आणि मग एका बाईकडून दुसरीकडे जाताना नुसता साबण. राउंड जिथून सुरू व्हायचा त्या पहिल्या कॉटवर गर्भाशयाच्या कॅन्सरची, स्राव होत असलेली एक पेशंट दाखल झाली. तिला तपासून डॉक्टर पुढच्या बायकांकडे गेले. एकत्र बाळंत झालेल्या १२ बायकांपैकी ११ जणी मेल्या. सेमेलवाइसच्या लक्षात आलं, की विष फक्त मुडद्यातून येत नाही, जिवंत माणसाकडूनही येतं. म्हणजे दारात एकदा धुऊन भागणार नाही. प्रत्येक पेशंटनंतर धुवायला हवं.

ही आधुनिक हॉस्पिटलची सगळ्यात महत्त्वाची अट. आणि इथेच एक हिशोब बदलला, ज्याबद्दल फार कुणी बोलत नाही. दिवसातून दोनदा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात घालणं वेगळं. प्रत्येक बाईनंतर, दिवसातून वीस-तीस वेळा घालणं वेगळं. ते हात कसे झाले असतील हे विहिरीत टीसीएल टाकणाऱ्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारा. शोध बरोबर होता, आकडे बरोबर होते, पण तो रोज राबवायचा तर कातडी सोलून निघणार होती.

बाल्टिमोर: एका नर्सच्या हातांमुळे आलेले ग्लव्ज

पुढची चाळीस वर्षं जरा पळत जाऊ. पाश्चरने जंतूंचं काम केलं. जोसेफ लिस्टरने १८६५ मध्ये ग्लासगोत कार्बोलिक अॅसिड वापरायला सुरुवात केली, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या फिनाइलच्या वासाचं ते द्रव्य. त्याने जखमा सडणं कमी झालं. पण कार्बोलिकने बोटं बधिर व्हायची, कातडी पांढरी पडायची, फाटायची. जंतूंना मारणाऱ्या वस्तूला आपल्या कातडीची दया नव्हती.

आता अमेरिकेत या. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल, १८८९ साली उघडलेलं. तिथले प्रमुख सर्जन विल्यम हॅल्स्टेड स्वच्छतेच्या बाबतीत अत्यंत कडक. ऑपरेशनआधी हात साबणाने धुवायचे, मग पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात बुडवायचे, मग गरम ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये, आणि शेवटी मर्क्युरिक क्लोराइडमध्ये. हे शेवटचं म्हणजे पाऱ्याचा विषारी क्षार. वाचतानाच माझे हात चुरचुरायला लागले.

त्यांच्या ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स होती कॅरोलाइन हॅम्प्टन. तिच्या हातांना हे सोसलं नाही. हातांवर पुरळ उठलं, ते दंडांपर्यंत गेलं. काम सोडायची पाळी आली. हॅल्स्टेडनी काय केलं? तिला "सवय होईल" म्हणाले नाहीत. गुडइयर रबर कंपनीला सांगून तिच्यासाठी पातळ रबराचे दोन जोड ग्लव्ज बनवून घेतले. जून १८९० मध्ये दोघांचं लग्नही झालं, त्यामुळे ही गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. सांगा खुशाल, मला काही हरकत नाही.

पण गंमत पुढे आहे. हे ग्लव्ज पेशंटला जंतूंपासून वाचवायला आणलेच नव्हते. ते नर्सला औषधापासून वाचवायला आणले होते. हळूहळू इतर मदतनीस ते घालायला लागले, त्यांना सवय झाली, मग सर्जनही घालायला लागले. आणि त्याच शतकाच्या अखेरीस हॅल्स्टेडचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी हर्नियाच्या ऑपरेशनांचे आकडे मांडले, तेव्हा दिसलं की ग्लव्ज घातल्यावर जखमा पिकण्याचं प्रमाण एकदम खाली आलंय. नर्सच्या हातांची काळजी घेतली आणि फायदा पेशंटचा झाला. पुढे १९१३ मध्ये हॅल्स्टेडनी या सगळ्याबद्दल लिहिलं तेव्हा, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

मग अँटिबायोटिक आलं आणि आपण निवांत झालो

१९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं. ज्या जखमेने माणूस मरायचा ती आठवड्यात बरी व्हायला लागली. हात धुणं तेव्हाही पुस्तकात होतंच, पण धाक कमी झाला. झालंच इन्फेक्शन, तर औषध आहे की!

जंतू मात्र थांबले नाहीत. पेनिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस हॉस्पिटलांत पसरला. त्यावर १९५९ मध्ये मेथिसिलिन आणलं. १९६१ मध्ये, म्हणजे जेमतेम दोन वर्षांत, इंग्लंडमध्ये मेथिसिलिनलाही न जुमानणारे स्टॅफ सापडल्याचं पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी नोंदवलं. हाच तो एमआरएसए. पुढच्या तीस वर्षांत तो जगभरच्या हॉस्पिटलांमध्ये घर करून बसला.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात, कारण आपण त्यांची गल्लत करतो. जंतू औषधाला न जुमानणारा *होतो*, ही एक गोष्ट. अँटिबायोटिकचा बेसुमार वापर हे त्याचं मोठं कारण. पण तो या कॉटवरून त्या कॉटवर *जातो* कसा? एमआरएसएला पाय नाहीत, पंख नाहीत. हॉस्पिटलमध्ये त्याची मुख्य सवारी म्हणजे माणसाचे हात. नवं औषध शोधायला वर्षानुवर्षं लागतात. सवारी बंद करायला तुलनेने फारच कमी. आणि अल्कोहोलची खासियत अशी, की जंतूवर 'आर' लिहिलंय का 'एस', याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते थेट जंतूची प्रथिनं बिघडवतं आणि आवरण फोडतं. ज्या क्लेब्सिएलाला डझनभर अँटिबायोटिक्स काही करू शकत नाहीत, तो हातावर असताना अर्ध्या मिनिटाच्या अल्कोहोलने मरतो.

मग वापरलं का नाही? जर्मनीत वापरलं. १९६५ मध्ये हँबुर्गच्या बोडे कंपनीने स्टेरिलियम बाजारात आणलं. आपल्या हॉस्पिटलांत निळ्या द्रवाची बाटली असते ना, तीच. मध्य युरोपात हे रुळलं. पण इंग्रजी बोलणाऱ्या देशांत साबण-पाणीच खरं, अल्कोहोल म्हणजे बेसिन नसेल तिथली तडजोड, अशी समजूत होती. अमेरिकेच्या १९८० च्या दशकातल्या अधिकृत सूचनाही तशाच होत्या. त्या बदलायला २००२ साल उजाडलं.

जिनिव्हा: एका तासात किती मिनिटं?

आता माझं सगळ्यात आवडतं पात्र. दिदिए पिते, जिनिव्हाच्या विद्यापीठ हॉस्पिटलमधले संसर्ग नियंत्रणाचे डॉक्टर. १९९० च्या दशकात त्यांनी त्यांच्या टीमला वॉर्डात उभं केलं आणि सांगितलं: नुसतं बघा. हात साफ करायची गरज किती वेळा पडते आणि किती वेळा केले जातात, मोजा.

उत्तर आलं ४८ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. डॉक्टरांचा आकडा नर्सेसपेक्षाही वाईट. आणि विचित्र म्हणजे, काम जितकं जास्त, पेशंट जितका गंभीर, तितके हात कमी धुतले जात होते. आयसीयूत, जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथे सगळ्यात कमी.

एखादा मॅनेजर असता तर त्याने मेल पाठवला असता, "सर्वांनी नियम पाळावेत." पितेंनी हिशोब केला. आयसीयूतल्या नर्सला तासाला साधारण २२ वेळा हात साफ करावे लागतात. बेसिनपर्यंत जाणं, साबण लावणं, धुणं, पुसणं, परत येणं, यात एकेका खेपेला एक ते दीड मिनिट जातं. २२ गुणिले दीड म्हणजे ३३ मिनिटं. साठ मिनिटांच्या तासातली तेहतीस! नियम पूर्ण पाळला तर नर्स अर्धा तास बेसिनपाशी उभी. पेशंटकडे कोण बघणार?

मंडळी, हा वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. आमच्याकडे याला डिझाइनचा बग म्हणतात. नियम पाळणं शक्यच नव्हतं आणि तो न पाळल्याबद्दल लोकांना दीडशे वर्षं बोल लावले जात होते.

उत्तर होतं: बेसिन पेशंटजवळ आणा. म्हणजे अल्कोहोलची बाटली प्रत्येक कॉटशेजारी आणि प्रत्येकाच्या खिशात. चालता चालता २० ते ३० सेकंदांत काम. पण नुसतं अल्कोहोल कातडी कोरडी करतं. म्हणून हॉस्पिटलच्याच फार्मसीतले विल्यम ग्रिफिथ्स यांच्या मिश्रणात कातडी मऊ ठेवणारा घटक घातलेला होता. सोबत भिंतींवर पोस्टर्स, ती वॉर्डातल्या लोकांनी मिळून ठरवलेली, आणि मोजलेले आकडे पुन्हा त्यांनाच दाखवणं.

निकाल २००० साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले. १९९४ च्या डिसेंबरपासून १९९७ च्या डिसेंबरपर्यंत हात साफ करण्याचं प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं. हॉस्पिटलात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. एमआरएसए पसरण्याचं प्रमाण दर १०,००० रुग्ण-दिवसांमागे २.१६ वरून ०.९३ झालं, निम्म्याहून खाली. एमआरएसएच्या पेशंटना शोधून वेगळं ठेवणंही त्याच काळात चालू होतं, त्यामुळे सगळं श्रेय एका बाटलीला देता येणार नाही. पण एक बारीक गोष्ट बघा: साबणाने हात धुण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. वाढलं ते चोळणं. डॉक्टर मात्र शेवटपर्यंत फारसे सुधारले नाहीत. हे मी नाही, त्या पेपरमध्येच लिहिलंय!

चहाच्या कपाएवढं ग्लिसरीन

पितेंनी या मिश्रणाचं पेटंट घेऊन पैसे कमावले नाहीत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने दोन कृती जगाला मोफत देऊन टाकल्या आणि २००९ च्या मार्गदर्शक पुस्तकात छापल्या. आमच्या भाषेत ओपन सोर्स. मालीत उसापासून केलेल्या अल्कोहोलवर हे द्रावण तिथल्या तिथे बनवलं गेलं. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या साखर कारखान्यांना सॅनिटायझर बनवायची परवानगी मिळाली, तेव्हा मळीपासूनच्या अल्कोहोलवर महाराष्ट्रातही हेच झालं.

दहा लिटरची कृती ऐका. ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर. हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ते बाटलीतच लपलेले बीजाणू मारायला. ग्लिसरीन १४५ मिलिलिटर. उरलेलं उकळून गार केलेलं पाणी. (घरी करू नका, प्लीज. हे पेट घेतं.)

यातलं १४५ मिलिलिटर ग्लिसरीन एकही जंतू मारत नाही. दहा लिटरमध्ये एक कपभर वस्तू, आणि ती निव्वळ हातांसाठी. व्हिएन्नाच्या घमेल्यात जे नव्हतं, ते हे.

आता सिस्टरच्या प्रश्नाकडे येतो. स्पिरिटने आग का होते?

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर वीटकामासारखा असतो. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, मधली चरबी म्हणजे सिमेंट. साबण त्या चरबीला पाण्यात मिसळवतो आणि नळाखाली ती वाहून जाते. अल्कोहोलही चरबी हलवतं, पण तुम्ही ते धुऊन टाकत नाही, म्हणून बरीचशी तिथेच राहते, आणि ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. म्हणून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी तपासल्या गेल्या तेव्हा ग्लिसरीनसारखा घटक घातलेल्या अल्कोहोलपेक्षा साबणाच्या वारंवार धुण्यानेच हात जास्त कोरडे पडलेले दिसले.

मग आग? ती अल्कोहोल आधीच पडलेल्या चिरांमध्ये शिरल्यामुळे होते. चिरा बहुतेक वेळा साबण-पाण्याने पाडलेल्या असतात, आळ येतो बाटलीवर. मग माणूस बाटली सोडून पुन्हा साबणाकडे वळतो, चिरा वाढतात, बाटली आणखी झोंबते. हे चक्र चालूच राहतं. आणि फाटलेल्या हातांवर जंतूही जास्त राहतात. १९९८ मध्ये एलेन लार्सन आणि सहकाऱ्यांनी नर्सेसचे हात तपासले, तेव्हा फाटलेल्या हातांवर स्टॅफ ऑरियससारखे त्रासदायक जंतू जास्त वेळा सापडले. म्हणजे सिस्टरच्या हातांच्या चिरा ही फक्त त्यांची अडचण नव्हती. माझ्या आजोबांचीही होती.

आणि हे दूरच्या देशाचं नाही. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी एक छोटा पेपर लिहिला. कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिकला दाद न देणारे २४ नमुने त्यांनी तपासले, त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडलं. या जनुकाच्या नावातल्या 'एन' आणि 'डी'वरून, म्हणजे न्यू दिल्लीवरून, आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. जंतूला नावाशी काही देणंघेणं नव्हतं.

तर करायचं काय?

दवाखान्यात कुणाजवळ बसायची पाळी तुमच्यावर येणारच, म्हणून थोडक्यात सांगतो.

पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर, आणि त्याच्या कॉटला, सलाइनच्या स्टँडला हात लावल्यावरही, बाटली वापरा. हात कोरडे असताना, तळवाभर घेऊन, अंगठे आणि बोटांची टोकं विसरू नका, २० ते ३० सेकंद, आपोआप सुकेपर्यंत. हाताला रक्त, लघवी, घाण दिसत असेल तर साबण-पाणीच. काही प्रकारच्या जुलाबांचे जंतू अल्कोहोलला दाद देत नाहीत, तिथेही साबण-पाणी. पण "डबल सेफ्टी" म्हणून आधी साबण आणि लगेच वर सॅनिटायझर, असं करू नका. कातडीची वाट तशीच लागते. गरम पाणी नको, घासून पुसू नका, टिपून घ्या. ड्युटी संपल्यावर, झोपताना क्रीम लावा. ग्लव्ज हा हात साफ करण्याला पर्याय नाही, काढल्यावरही हात साफ करायचेच. आणि चिरा, पुरळ बरे होत नसतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, सोसत बसू नका.

आजोबा एकेचाळीसाव्या दिवशी घरी आले. आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात. किडनी थोडी अशक्त झालीये, पण भाकरीवरून आजीशी भांडण्याइतकी ताकद आहे.

डिस्चार्जच्या दिवशी मी त्या सिस्टरना शोधत गेलो. त्या रात्रीबद्दल माफी मागितली आणि मेडिकलमधून आणलेली व्हॅसलीनची मोठी डबी पुढे केली. त्या हसल्या. म्हणाल्या, "दादा, ड्युटीवर हे चालत नाही. याने रबराचे ग्लव्ज खराब होतात. आणि या मजल्यावर आम्ही बारा जणी आहोत."

डबी त्यांनी घरी वापरायला ठेवून घेतली. मी मात्र खाली जाऊन तक्रार-सूचनांच्या वहीत पानभर लिहून आलो: आयसीयूत आणि प्रत्येक वॉर्डात कर्मचाऱ्यांसाठी ग्लव्जला चालेल असं क्रीम ठेवा, आणि बाटलीतलं द्रावण निवडताना ज्यांच्या हातांना ते लागणार आहे त्यांना आधी वापरून बघू द्या. खाली मोबाइल नंबर दिला. अजून फोन आलेला नाही. पुढच्या महिन्यात आजोबांना तपासणीला न्यायचंय, तेव्हा ती वही पुन्हा मागणार आहे.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी नर्स असेल, आया, वॉर्डबॉय असेल, तर हा एपिसोड त्यांना पाठवा, आणि त्यांचे हात कसे आहेत ते विचारा. त्यांनी सांगितलेलं मला लिहून कळवा, पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला वाचून दाखवेन. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!